मागून घेतलेलं दुखणं आणि वाट्याला आलेलं

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा पाचवा दिवस उजाडला की बसण्याचे नियम कडक होतात. तोवर पाय अवघडला तर हलवायची मुभा असते. आता सकाळी आठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा अशा तीन सामूहिक बैठकांत तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, मांडी मोडायची नाही. तिथे या बैठकीला ‘अधिष्ठान’ म्हणतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं बहुतेकांची बरी जातात. मग गुडघ्याच्या आतल्या बाजूला ऊब येते, त्या उबेची आग होते, घोट्याखाली मुंग्या येऊन पाऊल परकं वाटायला लागतं आणि मन हिशेबाला बसतं, की अजून किती वेळ? डोळे मिटलेले, त्यामुळे घड्याळ नाही. पण एक खूण दोन-तीन बैठकांतच सगळ्यांना पाठ होते. तास संपायच्या पाचेक मिनिटं आधी ध्वनिमुद्रित आवाजात केंद्राचे संस्थापक सत्यनारायण गोएंका यांचं संथ, खर्जातलं पठण सुरू होतं. ते कानावर पडलं की मांडी तीच, आग तीच, तरी दुखणं एकदम सोसण्याजोगं होऊन बसतं.

या पाच मिनिटांवरून नाशिकमधल्या एका घरात मामा-भाचीची चांगलीच जुंपली.

भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि शस्त्रक्रिया झालेले गुडघे हलवून घेणं हे तिचं काम. हौस म्हणून ती लांब पल्ल्याचं पळते, हिवाळ्यातही गार पाण्यानं आंघोळ करते आणि शिबिर संपवून परतताना मामाकडे उतरली होती. मामा निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर दुसऱ्यांना दुखू नये म्हणून राबलेला माणूस, आणि शेवटची काही वर्षं तर कर्करोगाच्या रुग्णांच्या वेदनाशमन विभागात बसलेला. मुद्दाम स्वतःला त्रास करून घेण्यात काही शहाणपण असतं, ही गोष्ट त्यांना मुळातच पटत नाही.

“पाय दुखत होता तितकाच दुखत होता, पण छळ थांबला,” भाची म्हणाली. “म्हणजे त्याआधीच्या तासात मला जे सोसावं लागत होतं, त्यातला मोठा वाटा गुडघ्याचा नव्हताच. ‘हे असंच चालू राहिलं तर?’ या धास्तीचा होता. पुस्तकात वाचून हे कळत नाही, मामा. बसूनच कळतं.”

“कळलं ते एवढंच, की सुटका जवळ आली की माणसाला बरं वाटतं,” मामा म्हणाले. “त्यासाठी इगतपुरीला जायला नको. आमच्या विभागात येणाऱ्या बाईंच्या मणक्यात कर्करोग उतरलेला असतो. त्यांच्यासाठी कोण पठण सुरू करणार आहे? तुझ्या दुखण्याला वेळापत्रक होतं. त्यांच्या दुखण्याला नाही.”

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, असं म्हणून हा वाद मिटवता आला असता. पण भाचीनं तो तसा मिटू दिला नाही, कारण तिचं म्हणणं ‘मला असं वाटलं’ एवढ्यावर थांबत नव्हतं.

तिनं पाण्यापासून सुरुवात केली. गार पाण्यात अचानक उतरलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास तोडून आत ओढला जातो, छातीचा भाता वेड्यासारखा चालू होतो, नाडी धावते. ही प्रतिक्रिया दोन-तीन मिनिटांत ओसरते, पण समुद्रात पडलेल्या माणसाचा जीव बऱ्याचदा त्या पहिल्या मिनिटांतच जातो, कारण श्वास ओढताना नाकातोंडात पाणी जातं. पोर्ट्‌समथ विद्यापीठातले माइक टिप्टन हे या विषयातले जाणकार. त्यांच्या गटानं 1998 मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांच्या शरीराची फक्त डावी बाजू वारंवार थंड पाण्यात बुडवली आणि नंतर उजव्या बाजूला तोच गारठा दिला. उजव्या बाजूला हा सराव मिळालेला नव्हता, तरीही धाप आणि नाडीची उसळी कमी झालेली होती. म्हणजे सवय कातडीला लागली नव्हती, वर मेंदूत कुठेतरी लागली होती.

“आणि दुसरा प्रयोग याहून भारी आहे,” ती म्हणाली. तो 2013 मधला, ब्रिटनमधलाच. लोकांना 15 अंश सेल्सियसच्या पाण्यात बसवलं. मग पुन्हा त्याच पाण्यात बसवताना सांगितलं, की आज पाणी 5 अंशांनी जास्त गार आहे. पाणी होतं तितकंच. तरी नाडी आधीपेक्षा जोरात धावली. नंतर वारंवार पाण्यात उतरवून सवय लावली. प्रतिक्रिया मवाळ झाली, पण पुन्हा तीच खोटी भीती घातल्यावर कमावलेला फायदा थोडा पुसला गेला.

मामांनी हे लक्षपूर्वक ऐकलं. “मग हा तर माझ्या बाजूचा पुरावा झाला. सवय लागूनही धास्ती शिल्लक राहिली ना?”

“शिल्लक राहिली, पण तिला आकार आला. पाण्याचं किती आणि धास्तीचं किती, हे वेगळं करून मोजता आलं. माझ्याकडे कंबरदुखीचे रुग्ण येतात तेव्हा नेमकं हेच वेगळं करता येत नाही. वाकलं की मणका सरकेल, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. मग ते वाकत नाहीत. न वाकल्यानं स्नायू आखडतात, आखडल्यानं आणखी दुखतं, आणि ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ हे वरून.”

या चक्रावर नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ योहान व्लायन यांनी बरंच काम केलं आहे. त्यांच्या पद्धतीत रुग्णापुढे रोजच्या हालचालींची शंभराच्या आसपास छायाचित्रं ठेवतात. पिशवी उचलणं, फावड्यानं माती ओढणं, जिना उतरणं. रुग्णानं प्रत्येक छायाचित्र शून्य ते शंभरच्या पट्टीवर लावायचं, की यानं माझ्या पाठीचं किती वाटोळं होईल? मग सगळ्यात कमी भीतीच्या हालचालीपासून सुरुवात करून एकेक प्रत्यक्ष करून बघायची. आधी विचारायचं, ‘काय होईल असं वाटतं?’ केल्यावर विचारायचं, ‘काय झालं?’ या दोन उत्तरांमधलं अंतर रुग्ण स्वतःच्या डोळ्यांनी बघतो.

“हीच माझी अधिष्ठानाची बैठक,” भाची म्हणाली. “मीही आत बसून भाकितं करत होते. पाय कायमचा निकामी होईल, उठताना पडेन, सगळे बघतील. एकही खरं झालं नाही.”

“मलाही भाकितं करणारी माणसं रोज भेटायची,” मामा म्हणाले आणि इथे त्यांचा आवाज जरा मऊ झाला. शस्त्रक्रियेच्या सकाळी ट्रॉलीवर आडवा केलेला माणूस छताकडे बघत असतो. दिवे एकेक करून मागे जातात. अंगावर हिरवा गाऊन, हातात सलाईनची सुई, आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न. भूल उतरली तर? मध्येच जाग आली तर? कमरेत सुई द्यायची असेल तर पाठ वळवून बसवताना कितीतरी जण सुई लागायच्या आधीच अंग आक्रसून घेतात आणि मग मणक्यांमधली फट सापडत नाही. मामांची पद्धत ठरलेली होती. पाठीला औषध लावलं की, “आता गार लागेल.” मग, “आता माझं बोट दाबतोय.” मग, “आता मुंगी चावल्यासारखं.” न सांगता काहीही करायचं नाही.

“का, ठाऊक आहे? 1964 साली बॉस्टनमध्ये लॉरेन्स एगबर्ट नावाच्या भूलतज्ज्ञानं पोटाच्या शस्त्रक्रियेच्या 97 रुग्णांवर एक साधी गोष्ट करून पाहिली. काही रुग्णांना आदल्या रात्री भेटून सांगितलं, की शुद्धीवर आल्यावर अमुक ठिकाणी दुखेल, ते स्नायू आवळल्यामुळे दुखतं, ते सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं, आणि तरी दुखलं तर औषध मागायचं. बाकीच्यांना नेहमीसारखी माहिती. शल्यविशारदांना कोण कुठल्या गटातलं ते माहीत नव्हतं. ज्यांना नीट सांगितलं होतं त्यांना नंतर गुंगीची वेदनाशामकं निम्म्याच्या आसपास पुरली आणि ते सरासरी 2.7 दिवस आधी घरी गेले. यांतल्या एकालाही बर्फात बसावं लागलं नव्हतं. धास्ती घालवायला दुखवून घ्यावंच लागतं, हा तुझा आग्रह इथे कोसळतो.”

भाचीकडे यावर पटकन उत्तर नव्हतं. मामीकडे होतं.

मामी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचा गुडघा गेल्या वर्षी बदललेला. “अहो, तुम्ही मलाही सगळं सांगितलं होतंत की. कुठे कापणार, कशानं शिवणार, कधी उभं करणार. आदल्या रात्री तरी डोळ्याला डोळा लागला नाही. रात्रीत मी तीनदा तरी ठरवलं, की सकाळी नाही म्हणून सांगायचं. शस्त्रक्रियेनंतर दुखलं ते त्या रात्रीच्या मानानं काहीच नव्हतं. आणि कळायचं बंद झालं ते कधी? ती व्यायामवाली पोर आली, तिनं माझ्या हातात टॉवेल दिला आणि म्हणाली, ‘काकू, तुम्हीच ओढा, तुम्हीच सोडा, मी फक्त दहापर्यंत मोजते.’ तेव्हा.”

“कळायचं बंद झालं म्हणजे?”

“म्हणजे दुखत होतं, पण मी घाबरले नव्हते. ते वेगळं असतं, तुम्ही डॉक्टर असूनही कसं समजत नाही?”

मामींच्या या एका टॉवेलनं चर्चेची दिशा बदलली. तोवर वाद ‘दुखवून घ्यावं की नाही’ असा होता. आता प्रश्न आला, की दुखणं कुणाच्या हातात होतं?

मामींनी त्या रात्री सोसला तो वाट पाहण्याचा जाच हा स्वतंत्र छळ आहे, याचे पुरावे थोडे नाहीत. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांच्या गटानं 2006 मध्ये 32 स्वयंसेवकांच्या पायाला विजेचे सौम्य झटके दिले. नंतर त्यांना निवड दिली, की हलका झटका थांबून घेणार की जोराचा लगेच? काहीजणांनी जोराचा घेतला. वाट पाहण्यापेक्षा जास्त दुखणं परवडलं. वाट पाहत असताना त्यांच्या मेंदूतले वेदनेशी संबंधित भाग आधीच जागे झालेले दिसले, विशेषतः जिथून शरीराच्या त्या जागेवर लक्ष खिळवलं जातं ते. झटका यायच्या आधीच ही माणसं झटक्यात राहत होती. दाताच्या डॉक्टरांकडे ‘आजच काढून टाका’ म्हणणारी माणसं आपल्या ओळखीची असतातच.

“इथवर माझं-तुझं एक आहे,” मामा म्हणाले. “धास्तीबद्दल मागून घेतलेल्या त्रासातून शिकता येतं, हे मी मान्य केलं समज. माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे. तुम्ही लोक धास्तीवरून थेट यातनेवर येता. चार मिनिटं बर्फात बसलेला माणूस उठून लोकांना सांगायला लागतो, की दुःख हे मनाचे खेळ आहेत.”

त्यांनी सेनेकाचं नाव काढलं. इसवीसनाच्या पहिल्या शतकातला हा रोमन विचारवंत आपल्या मित्राला, लुसिलियसला, अठराव्या पत्रात सुचवतो, की अधूनमधून काही दिवस अगदी हलकं अन्न खाऊन आणि जाडेभरडे कपडे घालून काढ, म्हणजे ज्या गरिबीला घाबरत होतास ती एवढीच होती का, हे तुला कळेल. हे लिहिणारा सेनेका रोममधल्या सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक होता. “परतीचं तिकीट खिशात ठेवून केलेली गरिबी,” मामा म्हणाले. “शनिवारी उपास सोडायला ताटात काय येणार, हे ठाऊक असलेली भूक.”

“पण मामा, त्याच पत्रात तो हेही म्हणतो, की यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही, हजारो गुलाम आणि गरीब माणसं रोजच असं जगतात. तुझा आक्षेप त्यानं स्वतःच घेऊन ठेवलाय.”

“घेतलाय. पण त्याचं उत्तर दिलेलं नाही.”

मग भाचीनं तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा पुढे केला, आणि तो धम्मगिरीच्याच संस्थापकांचा होता. गोएंका 1924 साली मंडालेत जन्मलेले, ब्रह्मदेशातले यशस्वी व्यापारी. त्यांना अर्धशिशीचे इतके भयंकर झटके यायचे, की मॉर्फिनची इंजेक्शनं द्यावी लागायची. डॉक्टरांनीच मॉर्फिनची सवय लागेल म्हणून इशारा दिला, परदेशांतल्या इलाजांनी गुण आला नाही, आणि 1955 मध्ये ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे सरकारी महालेखापाल आणि ध्यानाचे आचार्य. नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं त्यांनी आधी सांगितलं. पुढे 1969 मध्ये गोएंका भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं.

“म्हणजे ज्यानं ही तासाची बैठक आम्हाला शिकवली, त्याचं दुखणं हौशी नव्हतं,” ती म्हणाली. “वाट्याला आलेल्या दुखण्यातून तो मागून घेतलेल्या बैठकीकडे आला. उलटा प्रवास. आणि त्यांच्या परंपरेत दोन बाणांची गोष्ट आहे. संयुत्त निकायातलं सल्ल सुत्त. शरीराला लागतो तो पहिला बाण. त्यावर मन जे आकांडतांडव करतं तो दुसरा. बैठक दुसऱ्या बाणाविषयी आहे.”

“आणि पहिला कुणी काढायचा?” मामांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांच्या नोकरीतून आला होता. 1985 मध्ये अंमली पदार्थविरोधी कायदा झाला आणि मॉर्फिन बाळगायला इतक्या परवानग्या लागू लागल्या, की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफू पिकते आणि तिचा माल बाहेरही जातो, त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण साध्या मॉर्फिनच्या गोळीवाचून तळमळत राहिले. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह. केरळात घराघरांत जाणाऱ्या शुश्रूषा गटांचं जाळं उभं राहिलं. कायद्यात सुधारणा व्हायला मात्र 2014 उजाडलं. आजही जिल्ह्याच्या गावी मॉर्फिन सहज मिळेल, याची खात्री नाही.

“त्या माणसाला मी दुसऱ्या बाणाचं तत्त्वज्ञान सांगायचं का? ते सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. आणि सोसायला शिकवणाऱ्या समाजात औषध मागणारा माणूस भेकड ठरतो, हे मी पाहिलंय. नातेवाईक म्हणायचे, ‘डॉक्टर, ते फार सहनशील आहेत, इंजेक्शन नको.’ सहनशील माणूस भिंतीकडे तोंड करून उशी चावत असायचा.”

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “हॉस्पिसमध्ये मॉर्फिन कसं देतात?”

“घड्याळावर. दुखायला लागल्यावर नाही. ठरलेल्या वेळी, मागायच्या आधी.” हे श्रेय सिसली सॉन्डर्स या इंग्रज बाईंना जातं. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उभं केलं. त्याआधीच्या रुग्णालयांत रुग्णानं वेदनेनं कळवळून मागितल्यावर औषध मिळायचं, ते उतरलं की पुन्हा कळवळायचं. सॉन्डर्सबाईंनी नियमित मात्रेचा आग्रह धरला, म्हणजे वेदना डोकं वर काढायच्या आतच पुढची मात्रा पोटात गेलेली असते आणि ‘आता परत सुरू होणार’ ही टांगती तलवार राहत नाही.

“म्हणजे तुमच्या सॉन्डर्सबाईही धास्तीवरच इलाज करत होत्या,” भाची म्हणाली.

“पहिला बाण काढून. त्याच्याविना नाही.”

इथे एक गोष्ट दोघांच्याही म्हणण्याला छेद देते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात स्टीव्हन मायर यांच्या गटानं 2006 मध्ये उंदरांवर केलेलं काम आहे. मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ‘शिकलेली हतबलता’ ही कल्पना मांडली होती. ज्या प्राण्याला झटके थांबवता आले नाहीत, तो पुढे सुटकेची वाट समोर असूनही बसून राहतो, अशी ती कल्पना. 2006 च्या प्रयोगात काही उंदरांना आधी असे झटके दिले, जे पुढ्यातलं चाक फिरवून थांबवता येत होते. जोडीच्या उंदरांना तेवढेच झटके, तितकाच वेळ, पण त्यांचं चाक निकामी. काही दिवसांनी दोघांनाही असे झटके दिले, जे कुणालाच थांबवता येत नव्हते. आधी चाक फिरवू शकलेले उंदीर त्यातून नंतर बऱ्यापैकी सावरले. दुसरे हतबल झाले.

दोघांनी सोसलेलं दुखणं मापानं सारखंच होतं. फरक फक्त चाकाचा होता. पुढे 2016 मध्ये मायर आणि सेलिगमन यांनी आपली जुनी मांडणीच उलटी करून टाकली. लांबलेल्या त्रासापुढे गळून जाणं हे शिकावं लागत नाही, ते मेंदूचं मूळचंच वागणं आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काही आहे’ हे, आणि ते शिकणारा भाग कपाळामागच्या मेंदूत आहे.

“बघ!” भाची म्हणाली. “आधी हातातलं दुखणं सोसलेलं असेल, तर नंतर हाताबाहेरच्या दुखण्यातही उपयोग होतो. तू म्हणत होतास ती उडी हीच. उंदरांनी मारली.”

“आणि तू म्हणत होतीस, की दुखणं शिकवतं. जोडीच्या उंदरांना तेवढंच दुखणं दिलं होतं. ते काय शिकले?” मामा म्हणाले. “म्हणून ज्याच्या आयुष्यात आधीच ढीगभर त्रास आहे, त्याला आणखी त्रास सोसून कणखर हो, असं सांगण्यात काहीच अर्थ नाही. ऊसतोडीच्या फडात बाळंतपणाआधी दोन दिवस मोळ्या वाहणाऱ्या बाईला गार पाण्याची आंघोळ काय शिकवणार? तिच्याकडे चाक कुठाय?”

भाचीला हे मान्य होतं. तिनं एक दुरुस्ती मात्र केली. “पण तीच बाई कदाचित वारीला जाईल. अडीचशे किलोमीटर चालेल. घरी रोज चालतेच की ती, मग वारीत काय वेगळं? मुक्काम ठरलेले, सोबत दिंडी, आणि निघायचं तिनं स्वतः ठरवलेलं. कष्टकरी माणूसही मागून घेतलेला त्रास वाट्याच्या त्रासाहून वेगळा ओळखतो. ते फक्त सेनेकासारख्या श्रीमंतांचं खूळ नाही.”

मामांनी हे खोडून काढलं नाही. त्यांनी उलट आपल्याच क्षेत्रातलं उदाहरण दिलं. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना वेदनाशामकाचा असा पंप देतात, ज्याचं बटण रुग्णाच्या हातात असतं. किती वेळानं किती मिळेल, याची मर्यादा यंत्रात बांधलेली असते, पण कधी दाबायचं ते रुग्ण ठरवतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं, की परिचारिकेला हाक मारून औषध घेणाऱ्यांपेक्षा बटणवाल्यांना वेदना थोडी कमी आणि समाधान जास्त असतं. त्यांनी औषध मात्र थोडं जास्तच घेतलेलं असतं. “म्हणजे नुसत्या मनाच्या समजुतीनं वेदना गेली, असं नाही. औषधही लागलंच. दोन्ही लागलं.”

शेंगांचं सूप बाजूला सारत मामी म्हणाल्या, “मग त्या शिबिरात कुणाला झेपलं नाही तर उठून जाता येतं का?”

येतं, पण दहा दिवस पूर्ण करायचा निश्चय करूनच या, असं तिथे आधी बजावतात. मौन असतं, पहाटे चारला घंटा होते, नव्या साधकाला संध्याकाळी चहा आणि फळं एवढंच मिळतं. अर्जात शारीरिक आणि मानसिक आजारांची माहिती विचारतात, आणि गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी येऊ नये असं सुचवतात. त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अनुभवी ध्यानसाधकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांत ध्यानातून उसळलेली भीती, घबराट, झोप उडणं, असे अनुभव सांगणारे बरेच होते. तेव्हा ही बैठक प्रत्येकाची धास्ती उतरवतेच असं नाही, काहींची वाढवतेसुद्धा.

“माझ्या शेजारच्या बाई सहाव्या दिवशी गेल्या,” भाची म्हणाली. “मला तेव्हा वाटलं होतं, कच खाल्ली. आता वाटतं, त्या उठून जाऊ शकल्या म्हणूनच मी बसू शकले असेन. दार उघडं आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.”

“मग सोमवारी दवाखान्यात काय बदलणार?” मामांनी विचारलं. निवृत्तीनंतरही त्यांना निष्कर्षापेक्षा औषधयोजनेत जास्त रस असतो.

भाचीनं बोटांवर मोजलं. आखडलेल्या खांद्याच्या रुग्णाचा हात ताणताना स्टॉपवॉच त्याच्याच दुसऱ्या हातात द्यायचं. ताण किती सेकंद आणि किती वेळा, हे आधी सांगायचं आणि त्याच्यापुढे एक सेकंदही जायचं नाही, ‘अजून जरासंच’ हे वाक्य कायमचं बंद. दुखण्याआधी त्याचं भाकित वहीत लिहून घ्यायचं आणि नंतर प्रत्यक्ष काय झालं ते शेजारी. आणि ज्याला रात्री दुखण्यानं झोप येत नाही, त्याला व्यायामाआधी वेदनाशामक लिहून मिळावं म्हणून त्याच्या डॉक्टरांना फोन करायचा, त्याच्या सहनशीलतेचं कौतुक करत बसायचं नाही.

“शेवटचं माझं आहे,” मामा म्हणाले.

“हो. आणि पाचवं माझं. ज्यांना हालचालीची फार भीती आहे, त्यांना मी सकाळी तीस सेकंद गार पाण्याखाली उभं राहायला सांगणार आहे. नळ त्यांच्याच हातात. भीती वाटते, काही होत नाही, आणि बंद करता येतं, एवढं रोज एकदा कळू दे.”

“वय काय असतं तुझ्या या रुग्णांचं?”

“पन्नास, साठ. काही सत्तरीचे.”

“रक्तदाब? आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले?”

“असतात काही.”

“अगं, नाडीच्या उसळीचं इतकं ऐकवलंस मघाशी! पहिल्या अर्ध्या मिनिटात काय होतं, ते तूच सांगितलंस ना? काही सांगायच्या आधी त्यांचा ईसीजी मागव, आणि मला दाखव.”

“तू निवृत्त आहेस, मामा.”

“म्हणूनच फी घेणार नाही,” मामा म्हणाले, आणि पन्नाशीच्या निरोगी माणसाला तीस सेकंद चालतील की पंधरापासून सुरुवात करायची, यावर दोघं पुन्हा भांडायला बसले.